निरंक

नोव्हेंबर संपत आला की सामान्य शाखेत
पुढच्या वर्षाचे देव माझ्या टेबलावर येतात,
एका फाईलीत, दोरीने बांधलेले,
आवक क्रमांक टाकून.

जरीपटक्याच्या पंचायतीला चेटीचंड हवा आहे.
सदरच्या फादरांनी ईस्टरच्या सोमवाराबद्दल
जुन्या वळणाच्या शुद्ध मराठीत विचारलं आहे.
एका मंडळाचं लेटरहेड अर्जापेक्षा मोठं.
मी टिपणी लिहिते: सादर.
स्थानिक सुट्ट्या तीनच देता येतात.
पस्तीस अर्ज, आणि तीन.

बावन्न रविवारांसाठी मात्र फाईलीत एकही अर्ज नाही.
ते कुणाच्या प्रार्थनेचे होते, ते कोण विसरलं, कधी,
आता त्या दिवशी सारं नागपूर तर्री-पोहे खातं
आणि दुपारी झोपतं.
एखादा सण रविवारी आला की अख्खी शाखा हळहळते,
खिशातून कुणी काढून नेल्यासारखी.
भक्तीचं माप मला तिथेच दिसलं, खोटं कशाला बोलू.

गेल्या साली परिपत्रक आलं:
कार्यालयाच्या भिंतींवर देवादिकांच्या तसबिरी नकोत.
देवतळे साहेबांनी गणपती स्वतः उतरवला,
वर्तमानपत्रात गुंडाळला,
बसमध्ये मांडीवर धरून घरी नेला.
मागे एक खिळा राहिला
आणि चुन्याचा उजळ चौकोन,
ज्याला काहीजण हजेरी लावताना अजून नमस्कार करतात.
अनुपालन अहवालात मी लिहिलं: तसबिरी – निरंक.
चौकोनासाठी रकाना नव्हता.

मुनव्वर ड्रायव्हर दारातून डोकावतो.
"गजभिये मॅडम, ईद कोणत्या तारखेले टाकली?"
मी दाखवते. तो तारखेवर नाही,
तारखेशेजारच्या फुलीवर बोट ठेवतो,
मग खालची बारीक ओळ वाचतो:
चंद्रदर्शनानुसार बदल संभवतो.
"हे बराबर आहे," म्हणतो, आणि जातो.
वर्षभरात तेवढ्या एका ओळीपुरतं
शासन मान वर करून आभाळाकडे बघतं.

उईके चहा ठेवतो. मी विचारते,
तुमचा एखादा दिवस राहिला का हो यादीत?
"आमचे पेन तारखेवर नाही येत, मॅडम.
मोहाले फूल आलं का येतात."
मी हातातलं पेन खाली ठेवते.
मग उचलते. यादी संध्याकाळपर्यंत जायची आहे.

अनुक्रमांक सतरा.
सण, तारीख, शके, वार.
त्या दिवशी माझे बाबा, अकरा वर्षांचे,
उमरेडहून चालत आले होते
उसन्या पांढऱ्या सदऱ्यात,
आणि लाखोंच्या मैदानात उभं राहून
त्यांनी घरचे जुने देव परत केले.
त्या दिवसाला आमच्या घरी दुसरं नाव आहे.
नवी होते तेव्हा मी एक तिरकी रेघ मारून
ते नाव शेजारी टाइप केलं होतं.
साहेबांनी लाल शाईने खोडलं,
रागाने नाही, चष्मा पुसत म्हणाले,
बाई, नमुन्यात बदल करता येत नाही.
तीस वर्षं झाली. मी टाइप करते: दसरा.
आणि दुसऱ्याच्या नावावर मिळालेल्या सुट्टीत
पांढरी साडी नेसून मैदानाकडे चालू लागते.

तीनांपैकी पहिली सुट्टी मात्र न भांडता ठरते.
तान्हा पोळा. इतवारीत काळी-पिवळी मारबत निघते,
मागून बडगे: महागाई, खड्डे, कुणी ना कुणी मंत्री.
यंदा त्यांत एक कागदी कारकून होती,
हातात जमिनीपर्यंत लोळणारी यादी,
नाकावर माझ्यासारखाच चष्मा.
शासनाने मंजूर केलेल्या सुट्टीत
शासन जळायला निघालं होतं, पोरं नाचत होती,
पोलीससुद्धा हसू दाबत होते.
मीही गर्दीत उभी राहून ओरडले,
घेऊन जा गे मारबत!
काय न्यायचं, ते नाही सांगितलं.