उंची, सेंटिमीटरमध्ये

क्लिदरोच्या दवाखान्यात मी उंची मोजते.
बूट काढा, टाचा भिंतीला, हनुवटी सरळ.
एंटविसल आजोबा चार वर्षांपूर्वी एकशे एकाहत्तर,
आज एकशे एकोणसत्तर.
"उरलेलं तिकडे गेलं," म्हणतात,
खिडकीतल्या पेंडलकडे बोट.

मग मोजे चढवता चढवता सांगतात:
आधीचे लोक तिला म्हणत 'पेन', म्हणजे नुसता माथा.
मागून आलेल्यांना वाटलं, हे तिचं नाव.
त्यांनी आपला 'हिल' जोडला.
बोलून बोलून त्याचं झिजलं 'पेंडल',
आणि त्यांच्याही नातवंडांना अर्थ आठवेना,
म्हणून पुन्हा एकदा 'हिल'.
टेकडी टेकडी टेकडी.
"विचारायचं कुणाला सुचलंच नाही," म्हणतात,
आणि नाडी बांधायला वाकतात, आणखी कमी होतात.

माझ्याकडेही आहे एक माथा,
घाटाचा, आणि खापर फोडायचा.
शिवाय एक उंची,
अत्तराच्या बाटलीवर असायची ती,
जी बाटली आम्ही दुकानातच हुंगून परत ठेवायचो.
फॉर्मवर रकाना एकच.
मी १६९ लिहिते.

संध्याकाळी आईचा फोन.
"खिडकीतून काय दिसतं गं तुला?"
ढग उतरलेले, वरचं सगळं पुसलेलं,
मेंढ्या आणि पायथा.
"पेंडल हिलचा डोंगर," म्हटलं मी,
आणि जीभ चावली.

"उंच आहे का?"

"आहे.
आत्ताच थोडा वाढला."