ह्याऐवजी कोणती लावू?

उर्वे पिहेलने किल्ल्या दिल्या,
कॉफीच्या यंत्राची खोड सांगितली,
आणि फाइल उघडून दिली : अंक १४१२.
"शैल्यांना हात लावताना आधी विचार," म्हणाली.
"म्हणजे मला नव्हे. स्वतःला."
मग मफलर गुंडाळून सायकल काढली.

डिसेंबरात कॅर्द्लात दुपारीच दिवे लागतात.
मी टार्टूहून आलेला, सहा महिन्यांच्या करारावर,
बेटावरच्या साप्ताहिकाची सोळा पानं लावायला.

उजवीकडच्या पट्टीत तिच्या शैल्या.
मजकूर-एक, मजकूर-दोन असलं काही नाही.
पाद्री लांबला.
हरवलेली मेंढी.
बोट उशिरा.
हेल्दुरचा अग्रलेख, कापला तरी चालेल.
गायनवृंद, नाताळ.
शोक.
शोक, बुडालेले.
बुडालेल्यांच्या ओळींत अर्धा पॉइंट अंतर जास्त.
मी मोजलं. का, ते कोणाला विचारलं नाही.

आणि सगळ्या एकमेकींवर बेतलेल्या,
आडात तेच पोहऱ्यात.
एकदा मूळ मजकुराचा टाइप मी फक्त पाव पॉइंट चढवला
तर सोळाही पानं एकदम फुगली,
मासळीचे भाव चौकटीबाहेर सांडले,
लाल अधिकचिन्हं उमटली गोवरासारखी,
आणि सहाव्या पानावर साल्मे आजीच्या नव्वदीच्या शुभेच्छा
"अजून पुष्कळ"
इथे तुटल्या.
कंट्रोल झेड, कंट्रोल झेड,
आजीला तिची वर्षं परत मिळेपर्यंत.

फेब्रुवारीत साफसफाई काढली.
वापरात नसलेल्या शैल्या निवड म्हटलं
की सॉफ्टवेअर आपणहून निवडून देतं.
चाळीस गेल्या. जाताना आवाजही नाही.
एक मात्र निवडली गेली नाही : एंडेल.
म्हणजे कुठेतरी ती वापरात होती.

पानं शोधली. मास्टर पानं शोधली.
तळटिपा, जाहिराती, शब्दकोड्याची उत्तरं.
शेवटी झूम उतरवत बारा टक्क्यांवर आणलं,
पानं नखाएवढी झाली,
आणि पानांच्या बाहेर, त्या करड्या फळीवर
जिथलं काही छापलंच जात नाही,
डावीकडे, दूर,
एक चौकट.

एंडेल पिहेल.
जन्म : मे १९५८.
होडी : हिरवी, पाच मीटर.
निघाला : सोमवारी पहाटे.
निधन :
आणि पुढे टॅब,
टिंबांची रांग कडेपर्यंत,
कडेला काही नाही.

ओळींतलं अंतर पाहिलं.
बुडालेल्यांचं नव्हतं.
साध्या शोकाचंही नव्हतं.
शैलीच्या खिडकीत वरच लिहिलं होतं, कशावर बेतलेली :
बोट उशिरा.

उर्वे कधी कोरी फाइल घेत नसे.
मागचाच अंक उघडायचा, नव्या आकड्याने साठवायचा.
म्हणजे दर आठवड्याला ही चौकटही निघायची सोबत,
हजारावर अंक,
छापखान्याच्या दारापर्यंत
आणि परत.

तरी मी पुसायला गेलो. हात तसा शिकलेला असतो.
मशीनने विचारलं,
ह्याऐवजी कोणती लावू?
खाली यादी उघडली, शोक सर्वांत वर.
रस्त्यावर बर्फाचा नांगर खरवडत गेला.
यादी उघडीच राहिली.
आतून हेल्दुर ओरडला, कॉफी कोणी संपवली.
रद्द.

गुरुवारी १४२१ उघडला,
१४२२ म्हणून ठेवला.
संध्याकाळी बंदरावरून फोन : वारा आहे,
उद्याची पहिली फेरी उशिरा, दुसरी कदाचित नाही.
सूचना तीन ओळींची, जागा दोनची.
"बोट उशिरा"तलं अंतर अर्धा पॉइंट आवळलं
तर सहज बसली असती.
कर्सर तिथे नेला.

मग अग्रलेखाच्या दोन ओळी कापल्या.