अठ्ठेचाळीस फूट

शनिवारी सकाळी तळघरातल्या जाळीतून
घरानं सगळं परत केलं.
आंघोळीचं, धुण्याचं, परवाच्या बीटच्या सुपाचं.
वॉशिंग मशीनच्या पायाशी करडं तळं
आणि त्यात डुलणारा तिल्काचा एक मोजा.

प्लंबरनं फोनवर आकडा सांगितला.
तेवढ्यात तिल्काचे दात सरळ होतात.
मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

सेंट क्लेअर रस्त्यावरच्या भाड्याच्या दुकानात
ड्वेननं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या गाडीकडे.
"चालवणार कोण?"
"मीच."
त्यानं चामड्याचे हातमोजे पुढे सरकवले.
"कापडी घालू नका. तार आधी कापड धरते,
मग बोट धरते,
मग ऐकत नाही."
चार तास. शंभर फूट तार, टोकाला पातं.
अनामत म्हणून माझं लायसन्स.

तळघराच्या अकरा पायऱ्या ते धूड
माझ्या मांडीवर टेकत टेकत उतरलं.
नळाचं झाकण पितळेचं, सासऱ्यांच्या वेळचं.
पान्याच्या दांड्यावर मी अक्षरशः लोंबकळले.
हललं, तेव्हा आधी आवाज आला,
म्हाताऱ्यानं घसा खाकरावा तसा.
मग वास.
त्याबद्दल काय सांगायचं,
आमचाच होता.

पेडलवर पाय. तार फिरत आत निघाली.
वीस फुटांपर्यंत काही नाही.
तिशीत एक वळण, तिथे कुरकुरली.
अठ्ठेचाळिसाव्या फुटावर तिला कुणीतरी भेटलं.
हे डोळ्यांना दिसत नाही,
हातमोज्यातून तळव्याला कळतं:
तार पुढे सरकत नाही, नुसती पीळ भरते,
गप्प माणूस बोलायच्या आधी भरतो तसा.
पाय उचल. मागे घे. पुन्हा.

वरून तिल्का ओरडली, "पाणी सोडू?"
"नको!"
"सोडू?"
"नको म्हटलं ना!"
आंद्रेय होता तेव्हा खालून असाच ओरडायचा.
वर मी असायचे,
आणि मला वाटायचं, एवढं ओरडण्यासारखं काय आहे?

मग एकदम सुटलं.
तळं गरकन फिरलं, गुळणी केल्यासारखं
खाली गेलं, मोजा जाळीवर ठेवून.

तार ओढत गेले तशी पात्याला मुळं.
गुंतवळासारखी, तांबूस, बारीक,
मूठभर, मग अर्धी बादली.
बागेच्या नळाखाली धुतली तर सुंदर होती,
खोटं कशाला बोलू.

आमच्या अंगणात झाड नाही.
मी पावलांनी अंतर मोजत गेले
आणि कुंपणाला नाक लागलं.
पलीकडे लुद्विकचा मेपल.
चार वर्षांपूर्वी त्याची फांदी आमच्या छपरावर आली,
मी ती कापायला लावली,
तेव्हापासून आम्ही बोलत नाही.
वर आमचा अबोला
आणि खाली खापरी नळाच्या सांध्यात
त्याचं झाड तोंड घालून पीत बसलेलं.
मुळावर उठणं म्हणतात,
ते कोण कुणाच्या, देव जाणे.

तीन वीसला यंत्र चौथ्या पायरीवर अडलं.
वर जाईना, खाली सोडवेना.
तिल्का मला न विचारता गेली आणि
घरातल्या सपातांवर असलेल्या लुद्विकला घेऊन आली.
त्यानं वरचा दांडा धरला.
सात पायऱ्या आम्ही फक्त "हं" म्हटलं,
दर पायरीला एक.

अंगणात त्यानं बादलीतलं एक मूळ उचललं, हुंगलं.
"माझं?"
"मग कुणाचं!"
"वरून कापलं की खाली वाढतं," तो म्हणाला.
यंत्र डिकीत ढकललं आणि निघून गेला.
आभार मानायचे राहिले. मानले असते की नाही, माहीत नाही.

ड्वेननं लायसन्स दिलं, दोन बोटांत धरून.
"मुळं? मग वर्षाभरात भेटूच."

रात्री मी खूप वेळ आंघोळ केली.
पायाशी पाणी थांबलं नाही.
साबण, केस, दिवसभराचा गंज घेऊन
ते निघालं आणि मी आकडे मोजू लागले.
बारा, तेरा.
आता कुंपणाखाली असेल.
जाता जाता त्याच्या झाडाला
मिळालं असेल थोडं.