मगर अशी निजत नाही

सांगलीच्या तीन दिवसांच्या शिबिरातून
मी घेऊन आलो एक पुस्तिका आणि लचकलेली मान.
पुस्तिकेत चौदा आसनं, चौदा प्राणी,
शेवटच्या पानावर एक वाक्य :
यातून मुलांना सृष्टीची ओळख होईल.

शाळा भिलवडीच्या खालच्या अंगाला, काठावरच.
जानेवारीत कृष्णेवरचं धुकं
हजेरीआधी वर्गात शिरतं.
सतरंज्या गार, नाकं वाहती,
आणि मी म्हणतोय, खोल श्वास घ्या.

आधी कासव झालं.
कसं असतं रे कासव?
तौफिक मुजावर म्हणाला, दगडाचं.
देवळात, घंटेखाली. हात लावून आत जायचं असतं.
त्याची आजी तिथंच पायरीवर फुलं विकते,
म्हणून रांगेत तोच पुढं.
पोरांनी पाठीवरचे खवले मोजले : नऊ.
पुस्तिकेतल्या चित्रात तेरा.
घडवणाऱ्याला घाई असंल, तौफिक म्हणाला.

बगळा एका पायावर दहापर्यंत टिकला.
मोर तोंडावर आपटला (तो मीच होतो).

मग मकरासन.
पालथे झोपा, हनुवटी तळहातांवर, डोळे मिटा,
अंग सैल सोडा. हे विश्रांतीचे आसन आहे.
बत्तीस पोरं पालथी झाली.
बिरुदेव उभाच.

त्याचा चुलता मागल्या उन्हाळ्यात
मोटारीचा फुटबॉल साफ करायला
कमरेएवढ्या पाण्यात उतरला होता.
पोटरीला अठरा टाके.
अजून ताट घेऊन बसला
की तोंड नदीकडंच करून बसतो.

मी पुस्तिका चाळली.
चुलत्यासाठी तिच्यात काही नव्हतं.

तेवढ्यात कस्तुरी भोई उठून बसली.
चालता येण्याआधी बापाच्या नावेत बसलेली पोर.
"सर, मगर अशी निजत न्हाई.
तिला उशी लागती व्हय?"

खिडकीतून फरशीवर उन्हाचा पट्टा पडला होता.
ती सतरंजी सोडून त्यावर गेली,
पोट टेकलं, हात अंगालगत मागं,
आणि तोंड उघडलं. आ.
तशीच राहिली. माशी आली, बसली, उडाली.
मग जबडा मिटून म्हणाली,
"थंडीत मळीवर अशी पडती. ऊन आत घेती."
(जबडा उघडतो तो अंग तापू नये म्हणून.
हे मी रात्री वाचलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं.
कस्तुरीनं ऐकून घेतलं. पटलेलं दिसलं नाही.)
"होळीनंतर वाळूत अंडी घालती.
तवा बाबा नाव पल्याडनं नेतो."

एकेक करत सगळा वर्ग आ करून पडला.
बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला गाणी लावून,
एकानंही मान वर केली नाही.
इतकी शांतता आमच्या परिपाठातही नसते.

बिरुदेव दाराशी टेकला होता.
"तवा तिला दिसतं का आपण?"
"दिसतं की. ती बी भेती."
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग पालथा झाला, उंबऱ्यालगत,
पाय आत, तोंड नदीकडं,
चुलत्यासारखंच,
आणि डोळे टक्क उघडे.

फेब्रुवारीत केंद्रप्रमुख आले.
मकरासन करून दाखवा म्हणाले.
तेहतीस जबडे उघडले एकदम.
त्यांनी लॉगबुकात लिहिलं :
आसन सदोष. सरावाची गरज.
मी खाली सही केली.

पुस्तिका कपाटात आहे.
अकराव्या पानावर, चित्राशेजारी,
मी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय :
होळीनंतर पल्याडनं.