उद्या ये

अल ऐनच्या सनैय्यात, टायरवाल्यांच्या गल्लीमागं
एक पांढरी शेड आहे. आत वीस अंश, बारा महिने.
ग्रॅनाइटच्या टेबलावर मी हूक ठेवतो,
माणकाच्या टोकाची सुई त्याला शिवत शिवत फिरते
आणि पडद्यावर आकडे उतरतात.

हूक तळहाताएवढा. विमानाच्या पंखाखाली बसतो.
त्याला दोनच कामं : धरून ठेवणं,
आणि सांगितलं की सोडणं.
काय धरायचं, कुठं सोडायचं, ते ड्रॉइंगवर नसतं.
ड्रॉइंगवर टॉलरन्स असतो. पाच मायक्रॉन.
माणसाचा केस सत्तर.

माझा शिक्का एक्केचाळीस नंबरचा.
तो उमटला की डांटे हूक तेलकट कागदात गुंडाळतो
आणि सुधर्मन फॉर्म भरतो : अंतिम वापराचा दाखला.
म्हणजे ज्याला माल हवा
तोच लिहून देतो, मी याचं काय करणार.
रकान्यात एक शब्द : संरक्षण.
कुणाचं, याला रकाना नाही.
"आपण नाही केला तर दुसरा करेल," सुधर्मन म्हणतो,
वाईट माणूस नाही, दर शुक्रवारी मला मासे पाठवतो.

आम्ही शिकलगार. काम आडनावातच.
पणजोबाच्या आधीच्यांनी तलवारींना पाणी दिलं म्हणतात.
आजाच्या वाट्याला विळे, खुरपी, शिंप्यांच्या कात्र्या.
कागलच्या बाजारात पायानं चाक फिरवायचा,
आणि कुणी सुरा पुढं केला की आधी पाय थांबायचा.
"कशाला रं?"
ईद आहे म्हटलं, लावली धार.
चामडं काढायचंय म्हटलं, लावली.
एकदा इराप्पा मगदूम भर उन्हाचा कुऱ्हाड घेऊन आला,
गप्प, शर्टाची बटणं वरखाली.
आजा म्हणाला, "उद्या ये. आज दगड तापलाय."
दगड तापला नव्हता. मी हात लावून बघितला.
बाजारात आणखी दोन चाकं होती, आजाला ठाऊक होतं.
इराप्पा त्यांच्याकडं गेला की घरी,
ते आम्ही कधी विचारलं नाही.
चार आणे बुडाले तेवढे.

मला महिन्याला चार हजार दोनशे दिरहॅम मिळतात.
त्यातून तरन्नुमच्या फार्मसीची फी जाते.
ती औषधं शिकते. हे मी कुणाला सांगत नाही,
फार जुळवून आणल्यासारखं वाटतं.

गल्लीच्या तोंडाशी अब्दू घालिबची भट्टी.
सादाचा. बहिणीचं घर तिथं होतं.
होतं म्हणताना तो बोट वर करतो, मग खाली आणतो,
आणि पिठाला लागतो.
"तुमच्या शेडमध्ये काय बनतं?"
पहिल्याच वर्षी मी सांगून टाकलं, पंपाचे भाग.
तेव्हापासून भट्टीतली पहिली रोटी माझी.

परवा त्याची सुरी बोथट झाली.
नाव ऐकून होता, म्हणाला, तुमच्यात हे येतं ना?
मी चहाचा कप पालथा घातला,
बुडाच्या खरबरीत कडेवर पातं टेकवलं,
आणि तोंडातून आपोआप निघून गेलं, "कशाला?"

अब्दू बघतच राहिला. मग इतका हसला
की पीठ उडालं.
"रोटी कापायला! दुसरं कशाला?"

अकरा वर्षांत मी कुणालातरी विचारलं.
धार छान आली. केस तुटेल अशी.
पैसे त्यानं देऊ केले, मी घेतले नाहीत,
रोटी मात्र घेतली. गरम होती, नेताना हात बदलत गेलो.

सकाळी टेबलावर बारा हूक.
सुई फिरली. बाराही पाचच्या आत.
शिक्का हातात घेतला आणि डावा पंजा
सहज ग्रॅनाइटवर टेकला.

गार.
वीस अंश, बारा महिने.
तापलाय म्हणायलासुद्धा
दगड ठेवलेला नाही यांनी.