मुकं बटण

वीज आहे तोवर उरकून घेऊ म्हणून
लॅपटॉप पालथा घातला, जुन्या टॉवेलवर.
शेजारी तेकले. वरच्या मजल्यावरची, बारा वर्षांची, दातांना तार.
"अन्झोर काका, आधी चार्जर काढा.
मग बटण दाबून धरा, तीस आकडे मोजा."
कुताइसीच्या मोटार कारखान्यात मी चाळीस टनी प्रेस उघडल्यात
एकही आकडा न मोजता.
मोजले.

अकरा स्क्रू. तिळाएवढे. माझ्या बोटांना ते आहेत हेच कळेना.
तेकलेनं वीजबिलाच्या पाठीवर लॅपटॉपचं चित्र काढलं
आणि जिथला स्क्रू तिथे ठेवत गेली.
"लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला
तर आतल्या बोर्डाला भोक पाडतो."
कोण शिकवतं या पोरांना?

पंख्याच्या तोंडाशी धुळीचा नमदा.
चिमट्यानं ओढला तर अख्खा निघाला, डोक्यावरून टोपी निघावी तसा.
आणि त्यात एक लांब केस, मेंदीचा.
लमारा, तुझा.
चार वर्षं तो आत गरगरत होता,
पंखा म्हणून तर एवढा ओरडायचा.
वरपर्यंत ऐकू यायचा, तेकले म्हणते.
मी तो फेकला नाही. ठेवलाही नाही.
हातात धरून बसलो तेव्हा तेकले म्हणाली, "पुढे चला."

झाकण लावलं. एक स्क्रू उरला.
कारखान्यातही उरायचा. तेव्हा आम्ही गप्प बसायचो.

मग सुलटा केला. 'र'.
मार्चपासून मुका, आलुबुखाराची चटणी सांडली तेव्हापासून.
नखानं टोपण उचकटलं.
खाली पांढरी बिजागरी, बाहुलीच्या दाराला शोभेल अशी,
आणि तिच्यात जांभळा खडा.
"स्पिरिट हवं, नव्वद टक्के."
घरात द्राक्षाची दारू होती, माझ्या हातची, साठ टक्के.
कापसाचा बोळा, आणि उरलेले तीस टक्के
फुंकरीनं भरून काढले.

तुला सांगायचं राहिलं ते हे:
प्रेसनं माझे कान खाल्ले,
म्हणून फोनवर आपण फक्त तब्येत विचारतो
आणि बाकीचं लिहितो.
तू तिकडे बारी शहरात परक्या म्हातारीला न्हाऊ घालून
रात्री माझं वाचतेस, मोठ्यानं,
पुढचे दात पडलेल्या माणसाचं ऐकावं तसं.
पण 'नाही' म्हणजे 'अर'.
त्यातला र गेला की उरतो अ,
तोंड उघडलं आणि शब्द विसरला.
मी लिहिलं, पैसे पाठवू नकोस.
तू पाठवलेस. एप्रिल, मे, जून, आणि जुलैत जास्त.
मी विचारलं, दार कुठल्या रंगाचं करू? दार, 'कारी'.
तुला पोचलं 'काई', छान.
तू लिहिलंस, मीही छान.

त्याच बटणावर, शिफ्ट धरून, घशातला तो घोगरा घ.
रात्र, वाइन, ढग, हसू, सगळे त्याच्यापासून सुरू होतात.
मार्चपासून माझ्या पत्रांत ढग आले नाहीत.
तुझ्या लक्षात आलं असेल.

टोपण बसलं. टक्.
तेकलेनं अख्खी ओळ रररररर उमटवली
आणि आई हाक मारते म्हणून पळाली.

आता सगळं लिहिता येतं.
पैसे नकोत, लिहिलं. दार निळं केलं, लिहिलं.
'परत' लिहिलं. त्यात र आहे. नीट उमटला.
पुसलं.
'ये' मध्ये र नाही.
कधीच नव्हता.
म्हणजे एवढे महिने
बटणाची काही अडचण नव्हती.

दिवे गेले. बॅटरी चौसष्ट टक्के.
पंखा आता इतका हलका फिरतो,
त्यातून माझे हे कान,
की चालू आहे ना ते बघायला
मी अधूनमधून त्याच्या तोंडाशी हात धरतो.