वजनाचा तक्ता

शनिवारी सकाळी खल्फानने विचारलं, वजन किती तुझं?
मी तेलाचा फिल्टर आवळत होतो.
कशाला, म्हटलं.
म्हणाला, रकान्यात भरायला.

एकोणीस वर्षं या हँगरात.
किती विमानांची पोटं उघडली, पुसली, मिटली,
खाली सही ठोकली : उडण्यास योग्य.
माझं वजन कुणी कधी लिहून घेतलं नव्हतं.
अडुसष्ट, म्हटलं. बूट धरून.

कुठे? फुजैराला.
काम काय? जेवायचं.
रस्त्याने जेवायला जाता येत नाही का, हे ओठावर आलेलं
मी गिळलं.

पंखाखालची कळ दाबून नळीत इंधन घेतलं,
उजेडात धरलं : फिकट निळं, पाण्याचा थेंब नाही.
रोजचंच काम.
आज मात्र नळी धरून जरा जास्तच उभा राहिलो.
दुसऱ्याच्या जिवावर केलेली सही
आणि स्वतःच्या,
अक्षर तेच असतं, मयेकर,
शाई तेवढी जड वाटते.

रास अल खैमा तिरकं झालं, मग सपाट, मग मागे.
खल्फान बोट दाखवत होता : ते बघ धरण, ती खजुरांची वाडी,
तिथे माझ्या आईचं माहेर.
मी हो हो म्हणत होतो
आणि कान सगळा चौथ्या सिलिंडरला.
मग डोंगर आले. गवताची काडी नाही अंगावर,
सुरकुत्यांत सावली साठलेली.
नाव विचारलं.
हजर, म्हणाला.
हजर म्हणजे दगड, त्यांच्या भाषेत.
मला आमच्या देवगडच्या शाळेतला हजेरीपट आठवला,
मास्तर नाव घ्यायचे आणि आम्ही एकेक जण दगडासारखे
जागेवर उठायचो.
साडेपाच हजार फुटांवर मी हळूच म्हटलं ते,
हेडफोनचं बटण न दाबता.

पलीकडे एकदम समुद्र.
शंभरएक टँकर नांगर टाकून थांबलेले,
कुणाचीच कुणाला घाई नाही.
सत्तावीस मिनिटं झाली होती,
चौथ्या सिलिंडरने एकदाही तक्रार केली नव्हती,
आणि मी पहिल्यांदा पाठ टेकली.
तेवढ्यात उतरलो.

मासळीबाजारामागे उम्म सुलूमचं दुकान. तीन टेबलं, एक पंखा.
ताटात पांढरा भात, वर जशीद :
पिल्लू मुशी उकडून, कुस्करून,
कांदा, हळद, वाळल्या काळ्या लिंबाची आंबट धग,
आणि तूप, न विचारता.
पहिल्या घासाला मी थांबलो.
ही तर मोरी.
ही तर आमची मोरी, फक्त खोबरं विसरून आलेली.

खल्फानला म्हटलं, सांग तिला,
आमच्याकडे हे बाळंतिणीला घालतात, दूध यावं म्हणून.
त्याने सांगितलं.
म्हातारी बुरख्याआडून खदखदली, काहीतरी म्हणाली,
आणि माझ्या ताटात आणखी दोन डाव.
काय म्हणाली?
विचारतेय, मग तू कधी मोकळा झालास?

हसता हसता ठसका लागला.
पाणी प्यालो.
मग बराच वेळ नुसता जेवलो,
मान वर न करता,
आई मोरी करायची त्या दिवशी जेवायचो तसा.

परतताना खल्फानने तोच तक्ता काढला.
वजन?
सत्तर, म्हटलं. लिही.
आणि मांडीवर हा डबा, पाऊण किलो.
त्याने तोही लिहिला, वेगळ्या ओळीत.

डबा हँगरच्या रखवालदाराला, तिलबहादुरला दिला.
तो पायरीवर बसून चाचपत चाचपत खात होता.
काटे कुठे गेले साहेब?
नसतातच याला, म्हटलं.
विश्वास बसला नाही त्याचा,
शेवटच्या घासापर्यंत शोधत राहिला.

सोमवारी पाहणीला इन्स्पेक्टर आला.
विमानाचं दार उघडलं, आत वाकला,
थांबला. नाकाने दोनदा हवा ओढली.
काळं लिंबू, तूप, मुशी.
गळती आहे का कुठे?
बघतो, म्हटलं,
आणि उगाचच बॅटरी घेऊन सीटखाली शिरलो.